पियानोवरच्या कुंड्या

अलीकडे सृष्टीवरची तीन पुस्तकं लागोपाठ वाचली. सर्वांत जास्त थक्क केलं ते सर्वांत जुन्या पुस्तकाने. चार्ल्स डार्विनने १८८१ साली, मृत्यूच्या काही महिने आधी, गांडुळांवर लिहिलेलं ते पुस्तक. गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. पण ही मैत्री कुणीतरी इंच इंच मोजून काढलेली आहे, हे मला इथे कळलं.

गांडुळाला ऐकू येतं का? डार्विनने कुंड्यांत गांडुळं पाळली. त्यांच्यासमोर शिट्टी फुंकली, बॅसून हे खर्जातलं वाद्य वाजवून घेतलं, आरडाओरडा केला. गांडुळं ढिम्म. मग त्याच कुंड्या त्याने पियानोवर ठेवल्या आणि खालच्या सप्तकातला एक स्वर वाजवला. गांडुळं तत्क्षणी बिळात! हवेतला आवाज त्यांच्या गावीही नव्हता, मातीतून आलेला थरार मात्र अचूक पोचला होता.

गांडूळ बिळाचं तोंड पानांनी बुजवतं, आणि पान बहुधा निमुळत्या टोकाकडून ओढतं, कारण तसंच ते सहज आत जातं. ही नुसती सवय, की त्याला आकार उमगतो? डार्विनने कागदाचे त्रिकोण कापले. दमट हवेत ते लिबलिबीत होऊ नयेत म्हणून त्यांना चरबी चोळली. गांडुळांनी ओढून नेलेले ३०३ त्रिकोण तपासले, तर ६२ टक्के टोकाकडून ओढलेले. हा जीव डोळ्यांवाचूनचा, आणि कागदी त्रिकोण त्याच्या कुळात कुणी कधी पाहिलेला नाही!

आणि ते कुरण. १८४२च्या डिसेंबरात घराजवळच्या कुरणावर डार्विनने खडूच्या दगडाचे तुकडे पसरून ठेवले. चर खणला तो १८७१ साली. एकोणतीस वर्षं तो माणूस थांबला! सात इंच खाली पांढऱ्या खड्यांची रेघ सापडली. गांडुळं खालची माती खाऊन वर विष्ठा टाकत राहिली आणि जमीन वर्षाला पाव इंचाहूनही कमी अशा गतीने खडूवर चढत गेली. पुस्तकातलं, मातीखाली गेलेल्या रोमन अवशेषांचं प्रकरण रेंगाळतं, हे खरं. पण ती मोजमापं वाचताना पायाखालची जमीन हलती वाटू लागते.

दुसरं पुस्तक पेटर वोललेबेन यांचं, झाडांच्या गुप्त जीवनावरचं, २०१५ साली जर्मनमध्ये आलेलं. भाषा लोभस आहे, तरी मी त्याच्यापासून थोडी दूरच राहिले. आईझाड पिल्लांना भरवतं, शेजाऱ्याला जपतं, असं ते सांगत जातं. भूर्ज आणि डग्लस फर यांच्या रोपांमध्ये कार्बनची देवघेव होते, हे सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवलं होतं. तेवढंही विलक्षणच आहे. पण झाडांची मुळं जोडणाऱ्या बुरशीच्या जाळ्याबद्दलचे लोकप्रिय दावे पुराव्याच्या फार पुढे गेलेत, असं २०२३मध्ये तीन संशोधकांनी लिहिलं. त्यांपैकी मेलनी जोन्स तर १९९७च्या त्या निबंधाच्याच सहलेखिका! माझा जीव या पुस्तकापेक्षा त्यांच्या या फेरतपासणीत अधिक रमला.

तिसरं एड याँग यांचं प्राण्यांच्या संवेदनांवरचं पुस्तक, २०२२चं. हे मी कुणालाही निःशंक मनाने देईन. त्यात स्कॅलॉप नावाचा शिंपला भेटतो. त्याच्या कडेने दोनशेपर्यंत डोळे असतात आणि प्रत्येकात प्रतिमा जुळवायला चक्क आरसा. संशोधक डॅनियल स्पायझर यांनी या शिंपल्यांना चिमुकल्या आसनांवर बसवून पडद्यावर तरंगते कण दाखवले. कण पुरेसे मोठे आणि संथ असले की शिंपले उघडत, जणू खाणं समोर आलंय. म्हणजे त्यांना दिसतं. मात्र त्या सगळ्या डोळ्यांचं मिळून आपल्यासारखं एक दृश्य त्यांच्या आत उमटत असेल का, याबद्दल खुद्द स्पायझरच साशंक आहेत.