टर्बो, धूळ आणि नवतपा

नागपूरकरांना जंगलातली गाडी म्हणजे जिप्सी, हे ताडोबा-पेंचच्या सफारीतून लहानपणीच पाठ झालेलं असतं. जिप्सीला टर्बो नाही. त्यामुळे थार, गुरखा किंवा जिम्नी यांतलं काय घ्यावं असा विषय निघाला, की कोणीतरी ठासून सांगतंच, "जंगलात टर्बो टिकत नाही, बघा जिप्सी!"

जिप्सी टिकली, कारण ती हलकी होती, रचना साधी होती आणि सफारीत वेग बांधलेला असतो. टर्बो नसणं हे त्याचं कारण नव्हे. खडकाळ चढावर उपयोगी पडतो तो कमी आरपीएमला मिळणारा टॉर्क. टर्बो नसलेल्या जिम्नीचा १३४ न्यूटन-मीटर टॉर्क ४००० आरपीएमला मिळतो. थारच्या २.२ लिटर डिझेलचा ३०० न्यूटन-मीटर १६०० आरपीएमलाच हाती येतो, टर्बो पेट्रोलचा तर त्याहूनही आधी. जिम्नी तरीही चढते, कारण तिचं वजन १२०० किलोच्या आसपास आहे आणि फोर-लो गिअर टॉर्क दुप्पट करतो. टर्बोवाल्या गाडीत हजार आरपीएमच्या खाली पिकअप उशिरा आणि धक्क्याने येतो, ही तक्रार खरी आहे. पण तिथे फोर-लो टाकायचा असतो, टर्बोला शिव्या द्यायच्या नसतात.

आणि विदर्भातल्या काळ्या मातीत तर इंजिनाचा वादच फिजूल. पावसाळ्यात टायरच्या खाचा चिखलाने भरल्या की ३०० न्यूटन-मीटर फक्त चाक जागेवर फिरवतात. तिथे टायर आणि डिफरन्शियल लॉक कामाला येतात.

निवड करताना खरा प्रश्न डिझेल की पेट्रोल, हा आहे. एप्रिल २०२०पासून बीएस-६ नियम आले आणि अशा डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर लागला. तो स्वतःची काजळी जाळतो, पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगात चालावी लागते. रोज धरमपेठ ते सीताबर्डी एवढंच जाणं असेल आणि जंगल महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, तर टर्बो पेट्रोल घ्या. समृद्धी महामार्ग किंवा जबलपूर रस्ता नेहमीचा असेल, तर डिझेल शोभतं.

"नवतप्यात टर्बो जळतो" हा खास आपल्या गावचा समज. मे २०१३मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, पण टर्बाइनला लागणारा धूर ७०० अंशांच्याही वर जातो. त्याला बाहेरच्या सत्तेचाळीस अंशांचं काय कौतुक! उन्हाचा फटका बसतो तो हवेला. २० अंशांच्या तुलनेत ४५ अंशांची हवा सुमारे आठ टक्के विरळ असते. टर्बो ही उणीव बरीचशी भरून काढतो, पण दाबल्यामुळे तापलेली हवा इंटरकूलरने थंड करून दिली तरच. त्याच्या जाळीत वाळलेली काळी माती अडकली की गाडी ओढेनाशी होते. जाळी आधी भिजवा, मग कमी दाबाच्या पाण्याने आतून बाहेर धुवा. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारला तर पत्रे मुडपतात.

उन्हाळ्यासाठी म्हणून इंजिनात २०डब्ल्यू-५० हे जाड ऑईल टाकायची पद्धत जुन्या गाड्यांपासून चालत आली आहे. आज ती महागात पडते. थर्मोस्टॅटमुळे गरम झालेल्या इंजिनाचं तापमान डिसेंबरात आणि मे महिन्यात जवळपास सारखंच राहतं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, तोही ऑईलच्या पातळ थरावर तरंगत. जाड ऑईल सुरुवातीला तिथे उशिरा पोचतं. डीपीएफसाठी कमी राखेचं ऑईल लागतं, ते वेगळंच. मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेडच घ्या. वाचवायचेच असतील तर पैसे दुसरीकडे वाचवा, ऑईल बदलण्याची मुदत मात्र लांबवू नका. धुळीत गाडी चालत असेल तर मुदत उलट कमी करा.

"बंद करण्याआधी पाच मिनिटं आयडल" हेही सरसकट खरं नाही. समृद्धीवर तासभर १२० ने आलात आणि थेट पंपावर थांबलात, किंवा लांब चढ चढून आलात, तर मिनिटभर इंजिन चालू ठेवा. नाहीतर तापलेल्या शाफ्टवर थांबलेलं ऑईल करपतं. गल्लीबोळातून हळू घरी आलात तर थांबायचं कारणच नाही. डिझेलमध्ये उगाच आयडल ठेवल्याने डीपीएफमध्ये काजळी मात्र साचते.

टर्बोचा खरा शत्रू धूळ. उमरेड, घुग्गुसकडच्या कोळशाच्या रस्त्यांवर एअर फिल्टर किती लवकर भरतो, ते तिकडच्या गाडीवाल्यांना विचारा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने कागदी फिल्टर झटकला की त्यात बारीक चिरा पडतात आणि धूळ थेट आत जाते. नवा टाका. "जास्त हवा देणारा" कापडी फिल्टर बरेचदा जास्त धूळही देतो. फिल्टरनंतरच्या पाइपची क्लिप ढिली असेल तर सगळंच मुसळ केरात, कारण कॉम्प्रेसरची पाती त्या धुळीने घासली जातात.

गॅरेजमध्ये पाइप काढून शाफ्ट हलवून दाखवतात, "साहेब, टर्बो गेला." इंजिन बंद असताना ऑईलचा थर नसतो, म्हणून शाफ्ट आडवा किंचित हलतोच. पुढे-मागे जाणवेल इतका सरकला किंवा पाती घरावर घासल्याच्या खुणा असल्या, तर गोष्ट वेगळी. इंटरकूलरच्या पाइपमध्ये ऑईलचा हलका ओलावाही बहुतेक ब्रीदरमधून आलेला असतो. निळा धूर, खाली उतरणारी ऑईलची पातळी आणि नवीच शिट्टी हे तिन्ही एकत्र आले तर टर्बो बदलायची वेळ आली असेल. तेव्हाही तो का गेला ते आधी शोधायला हवं. ऑईल येणारी लाईन करपून अरुंद झाली असेल, तर नवा टर्बोही त्याच वाटेने जाईल. बिलावर नुसतंच "टर्बो नवा" असेल, तर गाडी ताब्यात घेण्याआधी ती जुनी लाईन समोर आणून दाखवायला सांगा.