बाबासाहेबांचा संदर्भ कोण देणार?

विद्वानाने किती लिहिले आणि इतर अभ्यासकांनी आपल्या लेखनात त्याचा किती वेळा संदर्भ दिला, यावरून विद्यापीठांत त्याची थोरवी मोजतात. हे माप सर्व विषयांना सारखे लागू पडत नाही. वैद्यकशास्त्रात संदर्भ भराभर वाढतात, गणितात सावकाश. आणि जो अनेक विषयांत लिहितो, त्याचे नाव एका विषयात गाजते, दुसऱ्यात झाकले जाते.

बाबासाहेबांचेच पहा. १९१७ साली जातिसंस्थेवर, १९१८ साली लहान शेतजमिनींवर त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर व १९२५ साली प्रांतिक वित्तव्यवस्थेवर लंडनमध्ये ग्रंथ निघाले. जातीवरील त्यांच्या लेखनाचा संदर्भ आज जगभरचे अभ्यासक देतात. आम्ही मात्र बी.कॉम. झालो, तरी रुपयावरील ग्रंथाचे नाव वर्गात कधी निघाले नाही.

१९१८च्या निबंधात ते सांगतात, की नुसता शेताचा आकार वाढवून भागणार नाही. अवजारे-भांडवल तोकडे आणि शेतीवर माणसांचा भार जादा, हे खरे दुखणे. त्यावर औषध उद्योगधंदे. गाव सोडून गिरणीत, रेल्वेत आलेल्या आपल्या वाडवडिलांची हीच कहाणी नव्हे काय?

संदर्भ आपोआप वाढत नाही, कोणीतरी तो द्यावा लागतो. हे लेखन महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पहिल्या व सहाव्या खंडांत आहे. ते खंड विहाराच्या वाचनालयात आणू या. कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी प्रकल्पवहीत बाबासाहेबांचे नाव, ग्रंथ आणि पानाचा क्रमांक आवर्जून लिहावा. तसबिरीला हार घालण्याइतकेच हेही अभिवादन आहे.