भूगोल विभागात काय चालते?

मुलांनो, भूगोल म्हटले की तुम्हाला राज्यांच्या राजधान्या आठवतात. त्या पाठ असाव्यातच. पण विद्यापीठाच्या भूगोल विभागात त्या कोणी विचारत नाही. तिथे विचारतात : ही गोष्ट इथेच का? आणि ती इथे असल्यामुळे काय होते?

सिअ‍ॅटलचे उदाहरण घेऊ. १९५० च्या दशकात तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात विल्यम गॅरिसन भूगोल शिकवत. नुसत्या वर्णनावर त्यांचे समाधान होत नसे. विद्यार्थ्यांनी संख्याशास्त्र शिकावे, मोजमाप करावे, तेव्हा नवलाईचा असलेला संगणक वापरावा, असा त्यांचा आग्रह होता. महामार्ग झाल्यावर लोक खरेदीला कुठे जातात, हेही ही मंडळी आकडेमोडीने शोधत.

त्यांच्यातल्या वॉल्डो टॉब्लर यांनी विद्यार्थी असतानाच, १९५९ साली, यंत्राने नकाशे काढण्यावर लेख लिहिला. १९७० मध्ये त्यांनी एक साधा नियम मांडला. त्याचा अर्थ असा, की जगात सगळेच एकमेकांत गुंतलेले असले तरी शेजाऱ्यांचे नाते अधिक घट्ट असते. म्हणूनच एखाद्या गावात पर्जन्यमापक नसेल, तर शेजारच्या गावांवरून पावसाचा अंदाज बांधता येतो. मात्र मध्ये डोंगर आला की फसगत होते. महाबळेश्वर आणि वाई यांत जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटर, पण पावसात कितीतरी पट फरक! म्हणून गणिताबरोबर प्रत्यक्ष पाहणीही शिकवतात.

याच विभागात डॉक्टरेट केलेले विल्यम बंगी पुढे डेट्रॉइटला गेले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आणि तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या ग्वेंडोलिन वॉरन या तरुण मुलीने पाहणीची मोहीम काढली. वस्तीतले तरुणच भूगोल शिकले आणि माहिती जमवू लागले. १९७१ च्या त्यांच्या अहवालात एक नकाशा आहे. वस्तीतली मुले मोटारींखाली कुठे सापडली, ते त्यावर दाखवले आहे. ती ठिकाणे सधन उपनगरातले नोकरदार ज्या रस्त्याने शहरात ये-जा करत, त्याच्या कडेने पडली होती. एकच अपघात पाहिला, तर पोराचे नशीब किंवा आईचे दुर्लक्ष म्हणून सोडून देता येते. नकाशा पाहिल्यावर तसे म्हणता येत नाही.

पालकहो, मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला आहे. आपल्याकडे हुशार मुलाने भूगोल घ्यायचा नसतो, असा समज आहे. तुमच्या मुलीने घ्यायचे ठरवले, तर 'पुढे काय?' असे जरूर विचारा. पण तिचे उत्तरही ऐकून घ्या. तिथे गणित आहे, संगणक आहे आणि पायपीटही आहे.

मुलांनो, पुढच्या वर्गाला येताना घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढून आणा. रस्ता ओलांडायची जिथे भीती वाटते, तिथे लाल ठिपका द्या. नावे मराठीत लिहा. सगळे नकाशे शेजारी शेजारी लावू आणि कुणाचे ठिपके एकाच जागी येतात ते पाहू.