सगळ्यांच्या पट्टीतली पेटी

पुण्याहून सोलापूरकडे निघालं की चौफुल्याला डावीकडे केडगावचा फाटा लागतो. ऊस, गुऱ्हाळं आणि दौंडकडे जाणारी रेल्वे, एवढ्यावर हे गाव ओळखलं जायला हरकत नव्हती. पण या चार-पाच मैलांच्या परिसरात एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली ठिकाणं शेजारी-शेजारी नांदतात. एकीकडे पंडिता रमाबाईंनी दुष्काळाच्या दिवसांत उभं केलेलं मुक्ती मिशन, दुसरीकडे नारायण महाराजांच्या बेटावरचं दत्तमंदिर. चौफुल्याला तमाशातल्या संगीतबारीची थिएटरं, आणि त्याच महामार्गावर वरवंडला तुकोबांच्या पालखीचा मुक्काम. एका ठिकाणचा माणूस दुसऱ्या ठिकाणी सहसा दिसणार नाही. तरीही मिशनातल्या उपासनेपासून बारीच्या बैठकीपर्यंत आणि गावोगावच्या भजनी मंडळांत एक वस्तू सगळीकडे सापडते, ती म्हणजे हार्मोनियम, आपली पेटी. या पेटीवर जाणकारांचा जुना राग आहे: तिचे सूर ठरलेले, न वाकणारे. माझं म्हणणं असं की हौशी माणसांना एकत्र बसवलं ते पेटीच्या याच दोषानं. तिचे सूर वाकत असते, तर ती एकेकट्या गुणी वादकांकडेच राहिली असती.

आधी यंत्र समजून घेऊ. पितळेच्या छोट्या पट्टीवर एका टोकाला रिव्हेट मारून बसवलेली पितळी जीभ, म्हणजे सूर. भात्यातली हवा खालून आली की ती जीभ पट्टीच्या खाचेतून आत-बाहेर थरथरते आणि वाजते. जिभेचं टोक घासून हलकं केलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. पेटी जुळवणाऱ्याचं सगळं कसब या दोन घासण्यांत आहे. एकदा घासून झालं की वादकाच्या हातात सूर बदलण्याचा काही उपाय उरत नाही. याच तत्त्वावर लंडनच्या चार्ल्स व्हीटस्टननं कॉन्सर्टिना घडवली, षट्कोनी, दोन हातांत धरून ताणायची-दाबायची आणि टोकांवरच्या बटणांनी वाजवायची. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँनं १८४० च्या सुमारास हार्मोनियम केली, पण ती पायानं भाता मारायची, म्हणजे खुर्चीवर बसून वाजवायची. आपल्याकडे बैठक जमिनीवर असते. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८८० च्या दशकात भाता पाठीमागे आणून डाव्या हाताला दिला आणि पेटी सतरंजीवर उतरली. वादकाचं तोंडही मोकळं राहिलं, त्यामुळे वाजवणाराच गाऊ लागला. भजनाला आणखी काय हवं होतं?

आता आरोप. पेटीत सप्तक बारा सारख्या भागांत वाटलेलं असतं. संगीतातलं अंतर सेंटमध्ये मोजतात, एका अर्ध्या सुराचे शंभर सेंट. तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा शुद्ध गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर असतो, पेटीचा ४०० वर. हा चौदा सेंटांचा फरक कसलेल्या कानाला खडा लागल्यासारखा बोचतो. शिवाय मींड नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. या कारणांनी १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं पेटीला बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. टीका खोटी नव्हती. तिच्यावर इलाजही शोधला गेला, आणि तो आपल्याच भागात. डेप्युटी कलेक्टर असलेले सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायखात्यातले अर्नेस्ट क्लेमंट्स या दोघांनी विसाव्या शतकाच्या आरंभी श्रुतींचा हिशेब मांडून खास पेटी बनवून घेतली. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. दोन्ही प्रयत्नांमागची बुद्धी आणि चिकाटी मोठी आहे. तरीही गावोगावच्या मंडळांत यांतली एकही पेटी पोचली नाही.

का पोचली नाही, याला किंमत हे सोपं उत्तर आहे, पण ते अपुरं आहे. भजनी मंडळं पखवाजावर आणि ध्वनिक्षेपकावर बरा पैसा खर्च करतात. खरं कारण असं की अचूक पेटी एका रागाला, एका गायकाला, एका पट्टीला, म्हणजे एका ठरलेल्या षड्जाला, अचूक असते. षड्ज हलला की श्रुतींचा हिशेब नव्यानं मांडावा लागतो. साधी पेटी कुठल्याच पट्टीत पुरती खरी नाही, पण प्रत्येक पट्टीत सारखीच खोटी आहे. कॉन्सर्टिनाची गोष्ट याला जोड देते. व्हीटस्टनच्या इंग्लिश पद्धतीच्या वाद्यात सप्तकाला बारा नव्हे, चौदा बटणं होती. आपण एकच समजतो असे दोन सूर तिथे वेगवेगळे ठेवले होते, अचूकपणासाठीच. पुढे हे वाद्य पियानोसोबत आणि इतर वाद्यांसोबत वाजू लागलं, तसं जुळवणं समान अंतरांवर आलं आणि ती जास्तीची बटणं नुसती नावाला उरली. चारचौघांत वाजायचं म्हटल्यावर वाद्यानं आपली बारीक अचूकता सोडून दिली. आयर्लंडच्या क्लेअर भागात स्वयंपाकघरांतल्या नाचांना कॉन्सर्टिनाचाच अँग्लो हा प्रकार वाजत असे, आणि वाजवणाऱ्यांत बायका पुष्कळ. किलरश गावात पब चालवणारी एलिझाबेथ क्रॉटी ही त्यांतली सर्वांत नावाजलेली. तिथल्या रील आणि जिग या चालींचे आठ-आठ मात्रागटांचे दोन भाग असतात, ते दोन-दोनदा घ्यायचे. हा साचा ठरलेला असल्यामुळे कधीही न भेटलेली दोन माणसं पहिल्या फेरीत चाल ओळखतात आणि दुसरीत एकत्र वाजवतात.

आपल्याकडे हा साचा अभंगानं दिला आहे, आणि तो आयरिश साच्याहून जास्त पिकाऊ आहे. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण, अक्षरं सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. अक्षर लांबवायची-आखडायची मोकळीक गाणाऱ्याला. याचा परिणाम असा की एका अभंगाला बसलेली चाल त्या छंदातल्या कुठल्याही अभंगाला बसते. एकट्या तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. ज्याला आठ-दहा चाली येतात त्याच्यापुढे ही सगळी गाथा उघडी असते. म्हणून भजनी माणूस दुसऱ्या गावी गेला तर नवा अभंग फारसा आणत नाही, चाल आणतो. अभंग ग्रंथात असतो. चाल मात्र दुसऱ्या माणसाकडूनच घ्यावी लागते, आणि घ्यायची तर त्याच्या शेजारी बसावं लागतं. चालींच्या या देवघेवीत कोणाचा हक्क, कोणाची रचना, हे प्रश्न उठत नाहीत. नाटकातलं पद, रेडिओवरचं भावगीत, सिनेमातलं गाणं, सगळ्यांच्या चाली अभंगाला लावल्या जातात. गोविंदराव टेंब्यांनी १९११ च्या ‘मानापमाना’ला दिलेल्या चालींसारख्या नाट्यचाली अशाच भजनात मुरल्या. टेंबे स्वतः मोठे पेटीवादक होते, हे इथे लक्षात ठेवण्यासारखं.

चक्री भजन जवळून पाहिलं की पेटीचं काम कळतं. गायक गोल बसलेले, पाळी एकाकडून दुसऱ्याकडे जाते. नामघोष, रूपाचा अभंग, मग एकेक अभंग, गवळण, शेवटी भैरवी. पाळी बदलते तेव्हा मधे क्षणभर काहीच ठरलेलं नसतं. पखवाजाचा ठेका चालू असतो, नवा गायक खाकरतो आणि पेटीवाला सगळ्यांनी मान्य केलेला षड्ज धरून ठेवतो. गायक चाल सांगत नाही, पहिला चरण उचलतो. दोन-तीन सुरांत पेटीवाल्याला दिशा कळावी लागते. नाही कळली तर तो खालच्या सप्तकात षड्ज-पंचम दाबून वाट पाहतो आणि चरण दुसऱ्यांदा आला की सोबत पकडतो. टाळकरी तोवर चाल ऐकत असतात. तिसऱ्यांदा सगळे उचलतात. म्हणजे एक अनोळखी चाल तीन आवर्तनांत सगळ्या मंडळाची झाली. गायक कणसूर असेल तर पेटीचा जोर थोडा वाढतो; त्याची चूक चारचौघांत दाखवायची वेळ येत नाही, सूर त्याला आपोआप जवळ ओढतो. वाकणारा सूर हे करू शकत नाही. सारंगीवाला गायकामागे गेला असता, आणि गायक चुकला तर दोघंही चुकले असते. पेटी जागची हलत नाही, म्हणून सामान्य गळ्याच्या माणसाला तिचा आधार वाटतो.

मिशनाकडे वळलं की हाच मुद्दा वेगळ्या बाजूनं पुढे येतो. मराठी ख्रिस्ती उपासनेत सुरुवातीला इंग्रजी चालींवर भाषांतरित गीतं बसवलेली होती. इंग्रजीचे आघात मराठी शब्दांना नको तिथे पडत. नारायण वामन टिळकांनी अहमदनगरच्या दिवसांत अभंग आणि ओवी या छंदांतच ख्रिस्तभक्ती लिहिली. ‘अभंगांजली’ हे त्यांच्या पुस्तकाचं नावच बोलकं आहे. छंद तोच असला की चालही तीच चालते, आणि चाल तीच असली की पेटीवाल्याची बोटं त्याच जागी पडतात. उपासना कोणाची हे पेटीला विचारावं लागत नाही. टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. धर्मशास्त्राला ते अवघड गेलं असेल, संगीताला गेलं नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. सूर एक झाला म्हणून माणसं एक झाली का? चौफुल्याची संगीतबारी केडगावच्या हाकेच्या अंतरावर आहे. गवळण भजनातही आहे आणि तमाशातही, गणाच्या पाठोपाठ. पण बारीत गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायका हौशी नाहीत, तो त्यांचा पोटाचा धंदा आहे, आणि गावानं त्यांच्या चाली घेतल्या तरी त्यांना आपल्या ओट्यावर बसवलं असं म्हणता येणार नाही. मंडळातसुद्धा जात पुसली जाते हे फार उदारपणे केलेलं विधान आहे. बायकांची भजनी मंडळं आज पुष्कळ झाली, तरी पेटीवर अजून बहुधा पुरुषच दिसतो. हे सगळं मान्य. माझा दावा छोटा आहे. चालीमुळे समाज बदलतो असं मी म्हणत नाही; चाल घ्यायला दोन माणसांना काही तास एकमेकांचं नीट ऐकावं लागतं, एवढंच म्हणतो. गावगाड्यात इतकं ऐकून घेण्याचे प्रसंग तरी किती येतात? ज्या मैत्रीला घरची ये-जा, सोयरीक, एका भावकीचं असणं लागत नाही, ती मैत्री या तासांत जुळते. बारीपाशी मात्र ती अडली, कारण तिथली चाल पैसे देऊन ऐकली गेली, शेजारी बसून घेतली गेली नाही.

वारकरी परंपरेतला आक्षेप याहून मूळचा आहे. वारीच्या चालत्या दिंडीत वीणा, मृदंग आणि टाळ एवढंच असतं. शेकडो माणसं पेटीवाचून एका सुरात गातात. मग पेटी हवीच कशाला? हे खरं, आणि दिंडीचा तो सूर पेटीनं कधी साधणार नाही. पण दिंडीतली माणसं वर्षानुवर्षं त्याच चालींत वाढलेली असतात. वरवंडचा मुक्काम आटोपून पालखी पुढे गेली की मागे राहतो तो गावातला शिक्षक, दुकानदार, रेल्वेतला कामगार, ज्याला आठवड्यातून एक संध्याकाळ मिळते. वारकऱ्यांच्या फडात वाढण्याचं भाग्य नसलेल्यांसाठी पेटी आहे. परंपरेच्या कसोटीवर ती कमअस्सल ठरेल, ठरो.

आता कीबोर्ड आला आहे. त्यात पट्टी बदलायचं बटण असतं: काळी एक असो वा काळी पाच, बोटं तिथेच ठेवायची, बटण दाबायचं. साध्या पेटीवर पट्टी बदलली की बोटांची सगळी मांडणी बदलते, म्हणूनच मंडळ भांडून का होईना एका पट्टीवर यायचं: चढ्या गळ्याचा थोडा खाली, खर्जातला थोडा वर. ही तडजोड बटणानं अनावश्यक केली आणि मला ते नुकसान वाटतं. मोबाइलवर चाली मिळतात, हव्या तितक्या. पण त्या सगळीकडे एकसारख्या येतात, आणि शिकवणारा तिथे थांबून ‘इथे गंधार कोमल घे, आमच्याकडे असाच घेतात’ असं सांगत नाही. उलट बाजू अशी की गाव सोडून पुण्याला किंवा परदेशी गेलेली माणसं मोबाइलवरूनच चाल परत गावाकडे धाडतात, आणि एखाद्या मंडळाची विसरलेली चाल जुन्या कॅसेटवरून पुन्हा उचलली जाते. कीबोर्डाला भाता नाही, म्हणून वीज गेली आणि बॅटरी नसली की तो थांबतो. दौंड तालुक्यातल्या भारनियमनात ही बाब लहान नाही, आणि बऱ्याच मंडळांनी कीबोर्ड घेऊनही जुनी पेटी मोडीत काढलेली नाही, ती याचसाठी.