मोबाईलची स्क्रीन टीव्हीवर: रेंज नसलेल्या वाडीतही घेता येईल अशी शेतकरी बैठक

मे महिन्याच्या अखेरीस पोलादपूर तालुक्यातील एखाद्या वाडीत भाताची बैठक भरते. कृषी सहायकाच्या मोबाईलमध्ये चारसूत्री लावणीचा चांगला व्हिडिओ असतो. पण पंधरा-वीस माणसांनी तो पाहायचा कसा? पुढचे तिघे वाकून बघतात, मागच्यांना नुसता आवाज ऐकू येतो आणि दाराशी बसलेल्या बायकांपर्यंत तोही पोहोचत नाही. प्रत्यक्षात लावणी करणार असतात त्याच बायका. गंमत अशी की, त्याच घराच्या भिंतीवर चांगला 32 इंची टीव्ही असतो. मुंबईच्या मुलाने गणपतीला येताना आणलेला असतो आणि बैठक चालू असताना तो बंद असतो.

मोबाईलची स्क्रीन या टीव्हीवर वायरशिवाय दाखवता येते. त्यासाठी वेगळा खर्च बहुतेक वेळा लागत नाही आणि योग्य पद्धत निवडली तर इंटरनेटही लागत नाही. ही दुसरी गोष्ट अनेकांना माहीत नसते. "इथे रेंज नाही, टीव्हीवर काय दिसणार?" असे म्हणून विषय सोडून दिला जातो. कुडपणसारख्या डोंगरातल्या गावांत, किंवा आंबेनळी घाटाच्या कुशीतल्या वाड्यांत बैठक घ्यायची असेल तर आधी हा फरक समजून घ्या.

कास्ट आणि मिररिंग एकच नाही

टीव्हीवर मोबाईलमधले दाखवण्याचे दोन वेगळे मार्ग आहेत. दोन्हींसाठी "कास्ट" हा एकच शब्द सर्रास वापरला जातो आणि घोटाळा तिथेच होतो.

पहिला मार्ग खऱ्या अर्थाने कास्ट. तुम्ही मोबाईलवर यूट्यूब उघडता, कास्टच्या चिन्हावर बोट ठेवता आणि व्हिडिओ टीव्हीवर सुरू होतो. इथे मोबाईल व्हिडिओ पाठवत नाही. तो टीव्हीला फक्त पत्ता सांगतो आणि टीव्ही स्वतः इंटरनेटवरून व्हिडिओ ओढून घेतो. मोबाईल रिमोटसारखा उरतो. मध्येच फोन आला तरी बोलता येते, बॅटरीही कमी जाते. पण टीव्हीला इंटरनेट हवे, आणि मोबाईल व टीव्ही एकाच वायफायवर हवेत. गुगलचे क्रोमकास्ट 2013 मध्ये आले ते याच पद्धतीचे. पोलादपूर किंवा महाड शहरात, जिथे घरात ब्रॉडबँड आहे, तिथे ही पद्धत उत्तम. वाडीत ती अडकते.

दुसरा मार्ग मिररिंग, म्हणजे आरसा. मोबाईलवर जे दिसेल ते जसेच्या तसे टीव्हीवर. फोटो, व्हिडिओ, सातबारा, हवामानाचा नकाशा, काहीही. यासाठी बहुतेक अँड्रॉइड मोबाईल आणि स्मार्ट टीव्ही मिराकास्ट नावाची पद्धत वापरतात. ती 2012 मध्ये आली. यात मोबाईल आणि टीव्ही वायफायच्या लहरींवरून एकमेकांशी थेट बोलतात. मध्ये राउटर लागत नाही, इंटरनेट लागत नाही, सिमकार्डही लागत नाही. मोबाईलचे वायफाय मात्र चालू हवे. वायफाय चालू म्हणजे इंटरनेट चालू, असे समजू नका. इथे वायफाय म्हणजे दोन यंत्रांमधली बिनतारी दोरी एवढेच.

रेंज नसलेल्या वाडीसाठी मिररिंगच वापरावे. फक्त व्हिडिओ आधीच मोबाईलच्या मेमरीत उतरवून ठेवलेला हवा. पोलादपूरच्या स्टँडवर रेंज असतानाच ते काम उरका.

जोडायचे कसे

आधी टीव्हीचा रिमोट घ्या. सोर्स किंवा इनपुटच्या यादीत, नाहीतर ॲपच्या यादीत "स्क्रीन मिररिंग", "स्क्रीन शेअर", "मिराकास्ट" किंवा "वायफाय डिस्प्ले" असे काहीतरी सापडेल. ते उघडून ठेवा. काही टीव्हींना हे उघडावे लागत नाही, ते कायम तयार असतात.

मग मोबाईलवर वरून खाली बोट ओढा. टॉर्च, ब्लूटूथ वगैरे चौकोन दिसतात त्यांतच हे बटण असते. सॅमसंगमध्ये त्याचे नाव "स्मार्ट व्ह्यू", इतर कंपन्यांत "कास्ट", "स्क्रीनकास्ट" किंवा "स्क्रीन मिररिंग". सापडले नाही तर सेटिंग उघडून वरच्या शोधपट्टीत "कास्ट" लिहा. बटण दाबल्यावर जवळच्या टीव्हींची नावे येतात. आपल्या टीव्हीचे नाव निवडा. टीव्हीवर परवानगी विचारली जाते, ती रिमोटने द्या. दहा-पंधरा सेकंदांत चित्र येते. घरे खेटून असतील तर शेजाऱ्याच्या टीव्हीचे नावही यादीत दिसते. नाव नीट वाचूनच दाबा, नाहीतर तुमचा खोडकिडा शेजारच्या मालिकेत उगवेल.

चित्र उभे आणि बारीक दिसत असेल तर मोबाईलचे ऑटो-रोटेट चालू करून तो आडवा धरा. चित्र अडखळत असेल तर मोबाईल टीव्हीच्या तीन-चार मीटरच्या आत आणा, मध्ये भिंत नको. तरी जोडणी होत नसेल तर दोन्ही यंत्रे बंद करून पुन्हा चालू करा. ऐकायला हास्यास्पद वाटते, पण बऱ्याच वेळा काम याच उपायाने होते.

सर्वच मोबाईलमध्ये मिराकास्ट नसते. गुगलच्या पिक्सेल मोबाईलमध्ये नाही, आयफोनमध्येही नाही. आयफोनची स्वतःची एअरप्ले ही पद्धत आहे आणि टीव्ही तिला मानणारा असावा लागतो. म्हणून बैठकीच्या दिवशी प्रयोग करू नका. आदल्या संध्याकाळी त्याच घरात, त्याच टीव्हीवर, त्याच मोबाईलने एकदा जोडून पाहा.

टीव्ही स्मार्ट नसेल, पण मागे एचडीएमआयचे चपटे छिद्र असेल, तर मिराकास्ट चालणारे डोंगल लावता येते. घेताना दुकानदाराला "इंटरनेटशिवाय मिररिंग होईल का?" एवढाच प्रश्न विचारा आणि दुकानात करून दाखवायला लावा. फक्त एखादा व्हिडिओच दाखवायचा असेल तर खरे सांगायचे तर यातले काहीच नको. पेन ड्राइव्हवर व्हिडिओ घ्या आणि टीव्हीच्या यूएसबी छिद्रात लावा.

मग मिररिंगची गरज कशाला? तुमच्याच शेतातले फोटो दाखवण्यासाठी.

शेतातला फोटो सर्वांसमोर

टीव्ही आणि शेती यांचे नाते जुने आहे. दिल्ली दूरदर्शनवर 26 जानेवारी 1967 रोजी "कृषिदर्शन" सुरू झाले ते गावात एकत्र बसून पाहण्यासाठीच. आपल्याकडे "आमची माती आमची माणसं" पाहत एक पिढी मोठी झाली. पण तेव्हा पडद्यावरचे शेत दुसऱ्याचे असायचे. आता सकाळी तुमच्या खाचरात काढलेला फोटो संध्याकाळी पूर्ण वाडी पाहू शकते.

भाताचे उदाहरण घ्या. पाऊस उघडझाप करू लागला की पाने करपल्यासारखी दिसू लागतात आणि सगळेजण त्याला "करपा" म्हणतात. बुरशीमुळे येणाऱ्या करप्यात पानावर होडीच्या आकाराचे ठिपके पडतात. त्यांची दोन्ही टोके निमुळती, मधला भाग राखाडी आणि कडा तपकिरी असते. जिवाणूंमुळे येणाऱ्या कडा करप्यात ठिपके नसतात, तर पानाच्या टोकाकडून कडेकडेने नागमोडी, पिवळसर-पांढरट पट्टा खाली उतरत जातो. पहिल्याचे बुरशीनाशक दुसऱ्यावर चालत नाही. पैसे जातात, मजुरी जाते आणि रोग पुढे सरकतो. कडा करपा दिसत असताना वर युरिया टाकला तर तो आणखी फोफावतो. हा फरक सहा इंची मोबाईलवर वीस जणांना दाखवता येत नाही. टीव्हीवर दोन फोटो एकामागोमाग ठेवले, बोटांनी मोठे केले, की ठिपका आणि पट्टा यांतला फरक शेवटच्या रांगेतूनही दिसतो.

खोडकिड्यासाठी फोटोपेक्षा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ बरा. सुकलेला मधला पोंगा हलक्या हाताने ओढला की सहज उपसून येतो, ती गाभेमर. हे ओढणेच पाहायला हवे.

फोटो काढताना पानावरचे पाणी पुसा, मागे तळहात किंवा गडद कापड धरा आणि पानावर बोट टेकवून फोकस होऊ द्या. शक्यतो ज्या मोबाईलने फोटो काढला त्यावरूनच तो दाखवा. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो. मोबाईलवर तो ठीक दिसतो, टीव्हीवर मोठा केला की धूसर होतो. दुसऱ्याकडून मागवायचा असेल तर "एचडी" किंवा "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा.

चारसूत्रीसाठी आणखी एक युक्ती आहे. मोबाईलमधील फोटोवर एडिटच्या पेनने बोटाने खुणा करता येतात आणि त्या त्याच क्षणी टीव्हीवर उमटतात. नियंत्रित लावणीत 15 आणि 25 सें.मी. अशी आलटून-पालटून अंतरे ठेवून जवळच्या चार चुडांचा चौकोन तयार करतात. युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची एक गोळी त्या चौकोनाच्या मधोमध, 7 ते 10 सें.मी. खोल खोचायची असते. "मधोमध" म्हणजे नक्की कुठे, यावर दरवर्षी गोंधळ होतो. काहीजण मोठ्या चौकोनात खोचतात, काहीजण ओळीत. मागच्या वर्षीच्या लावणीचा फोटो घ्या, चार चुडांना गोल करा आणि मध्ये ठिपका द्या. मग पुढच्या चौकोनात ठिपका द्यायला समोरच्या एखाद्या बाईंच्या हातात मोबाईल द्या. एका गोळीला 40 बाय 40 सें.मी. जागा येते, म्हणजे गुंठ्याला सुमारे सव्वासहाशे गोळ्या, वजनाने 1.7 किलोच्या आसपास. हा हिशेबही पडद्यावर लिहून करा.

एक सावधगिरी मात्र हवी. टीव्हीचे रंग खरे नसतात. दुकानात उठून दिसावे म्हणून अनेक टीव्ही "व्हिव्हिड" किंवा "डायनॅमिक" मोडवर ठेवलेले असतात. त्यात हिरवे अधिक हिरवे आणि पिवळे अधिक पिवळे दिसते. पिक्चर सेटिंगमध्ये "स्टँडर्ड" किंवा "सिनेमा" निवडा. तरीही पानाचा पिवळेपणा टीव्हीवर पाहून खताचा निर्णय घेऊ नका. ठिपक्याचा आकार टीव्हीवर पाहावा, पानाचा रंग खाचरात, पर्णरंग तक्ता पानाला लावूनच. आणि फोटोवरून शंका मिटत नसेल तर नमुना घेऊन कृषी सहायकाकडे, किंवा किल्ला-रोहा येथील कृषी विज्ञान केंद्राकडे जा.

वेळ आणि वीज

पोलादपूर-महाडच्या पावसात ही सोय गृहीत धरू नका. 22 जुलै 2021 च्या अतिवृष्टीत महाड बुडाले, तळियेवर दरड कोसळली आणि वीज व मोबाईल दोन्ही सेवा कोलमडल्या. तशा दिवसांत टीव्हीचा उपयोग नाही. म्हणून रोपवाटिकेची आणि लावणीची बैठक रोहिणी नक्षत्रातच, पाऊस लागण्यापूर्वी घ्या. रोग-किडीची बैठक लावणीनंतर, जरा उघडीप मिळेल तेव्हा. 32 इंची एलईडी टीव्ही साधारण 40 ते 60 वॅट वीज घेतो, त्यामुळे घरच्या इन्व्हर्टरवर बैठक सहज पार पडते. मिररिंगमध्ये मोबाईल तापतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते, चार्जर जवळ ठेवा.

पडद्यावर काय दिसू द्यायचे

आरसा सगळेच दाखवतो. एका बैठकीत नाचणीच्या कणसाचा फोटो चालू असताना वर बँकेचा मेसेज आला आणि खात्यातली शिल्लक पूर्ण ओटीवर बसलेल्यांनी वाचली. हसण्यावारी गेले, पण त्या जागी ओटीपीही असू शकतो. जोडण्यापूर्वी "डू नॉट डिस्टर्ब" चालू करा. मिररिंग चालू असताना बँकेचे किंवा पैसे पाठवण्याचे ॲप उघडू नका. पासवर्ड टाकायचाच असेल तर आधी जोडणी तोडा. बैठक संपल्यावर ज्या बटणाने जोडले तेच दाबून "डिस्कनेक्ट" करा. नुसता टीव्ही बंद करण्यावर विसंबू नका.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे "स्क्रीन शेअर" हाच शब्द भामटेही वापरतात. "पीएम-किसानचा हप्ता अडकलाय, हे ॲप घ्या, स्क्रीन शेअर करा, मी करून देतो," असा फोन येतो. घरातल्या टीव्हीवर चित्र दाखवताना ते खोलीबाहेर जात नाही. फोनवरच्या अनोळखी माणसाला स्क्रीन दाखवली तर तुमचा ओटीपी शेकडो मैलांवर त्याच्यासमोर उघडा असतो, आणि काही ॲपमधून तो तुमचा मोबाईल चालवूही शकतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच एनीडेस्क या ॲपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केले होते. ते ॲप मूळचे दुरून कॉम्प्युटर दुरुस्त करण्यासाठीचे. दोष ॲपचा नाही, पण ते मागणाऱ्या अनोळखी माणसाचा हेतू बहुधा एकच असतो.

टीव्हीला जोडण्यासाठी कोणताही नंबर, कोड किंवा लिंक कुणाला फोनवर सांगावी लागत नाही. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइलही लागत नाही. बटण मोबाईलमध्ये आधीपासून असते. कुणी तसे मागितले तर फोन ठेवा. चुकून दाखवले गेले असेल आणि पैसे गेले असतील, तर आधी 1930 या क्रमांकावर कळवा, मग बँकेला सांगून खाते थांबवा. बैठकीच्या शेवटी हा क्रमांक टीव्हीवर मोठ्या अक्षरांत ठेवा आणि सर्वांना आपापल्या मोबाईलमध्ये लिहून घ्यायला सांगा.