‘टँक’ नेमका कुणाचा?

भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरच्या धानपट्ट्यात जुन्या तलावांना ‘मामा तलाव’ म्हणतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारी पद्धतीतले. सरकारी इंग्रजीत त्यांचीच नोंद ‘मालगुजारी टँक’ अशी होते. टँक म्हटले की पेट्रोलची टाकी नाहीतर रणगाडा आठवतो, त्यामुळे ही नोंद चमत्कारिक वाटते. पण इंग्रजीत या शब्दाचा जुना अर्थ तलाव हाच आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी इथे आलेले इंग्रज प्रवासी भारतातल्या तलावांना टँक म्हणू लागले. पत्र्याच्या टाकीचा अर्थ मागाहून आला. रणगाड्याचे नाव तर निव्वळ फसवणुकीतून पडले. पहिल्या महायुद्धात ही यंत्रे गुपचूप तयार होत असताना त्या पाण्याच्या टाक्या असल्याचे भासवले गेले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत ती उतरली, तरी नाव टिकले.

मग हा शब्द आपल्या ‘टाक्या’वरूनच गेला, असे म्हणण्याचा मोह होतो. गडावरचे टाके, गुजराती ‘टांकुं’, खडक फोडणारी टाकी अशी सगळी भावकी हाताशी आहे. पण आक्षेपही भक्कम आहे. पोर्तुगीज भाषेत ‘टांके’ हा शब्द असून त्याचा संबंध पाणी अडवणे या अर्थाच्या त्याच भाषेतल्या क्रियापदाशी जोडला जातो. वास्को द गामाच्या १४९८ च्या सफरीच्या वृत्तांतातही तो येतो; पहिल्याच भेटीत इथला शब्द उचलून रुळवला, हे पटणे कठीण. शिवाय कान्हेरी लेण्यांतल्या प्राचीन लेखांत पाण्याच्या टाक्याला टाके नव्हे, ‘पोढी’ म्हटले आहे. तेव्हा दोन वेगळ्या मुळांचे सारख्या उच्चाराचे शब्द पश्चिम किनाऱ्यावर भेटले आणि इंग्रजीत एक झाले, हा निष्कर्ष पुराव्याला अधिक धरून आहे.

उगमच वादात असेल तर भारताचा वाटा काय, असे कुणी विचारील. वाटा अर्थाचा आहे. इंग्लंडमधल्या गावतळ्याला सहसा कुणी टँक म्हणत नाही. शेती भिजवणारा, पाळ घालून अडवलेला तलाव हा अर्थ त्या शब्दाला भारतात चिकटला. भंडाऱ्यात कोहळी समाजाने असे तलाव बांधण्याची विद्या जोपासली होती. १९५१ मध्ये मालगुजारी संपून तलाव सरकारकडे गेले, तरी कागदोपत्री टँक उरलाच. शब्दाच्या जन्मावरचा आपला दावा अर्धाच टिकतो; त्यात तलावाचे पाणी भरले ते मात्र इथल्याच बांधणाऱ्यांनी.