सब्जा आधी पाण्यात, लिंबू मागाहून

माझा धाकटा भाऊ तिसरीत आहे. गेल्या पावसाळ्यात त्याचे एक नवीनच सुरू झाले होते. सकाळी परिपाठ चालू झाला की हा पोट धरून खाली बसायचा. बाई त्याला घरी पाठवायच्या आणि घरी गेला की तासाभरात हा बरा! आईला वाटले, शाळा चुकवायचे ढोंग करतोय. दोनदा त्याने मार खाल्ला. मीसुद्धा त्याला सगळ्यांसमोर ढोंगी म्हटले होते, ते आज इथे खरे सांगून टाकते.

मग एके दिवशी शौचाला बसला असताना तो मोठ्याने रडायला लागला. रक्त दिसले. आईने हातातले काम टाकले आणि त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. मी बरोबर होते. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले आणि त्यालाच विचारले, "काय काय खातोस रे दिवसभरात?" तो म्हणाला, "सकाळी चहा-खारी. दुपारी शाळेतली खिचडी. रात्री भात आणि म्हावरं." खिचडीतले वाटाणे आणि भाजी हा बाजूला काढून ठेवतो, हे मी सांगितले. "आणि पाणी?" त्यावर तो गप्प. खेळाच्या नादात पाणी प्यायचे त्याच्या लक्षातच राहत नाही. डॉक्टर आईला म्हणाले, "ताई, पोरगा ढोंग करत नाहीये. त्याला बद्धकोष्ठ झालंय. खरीच कळ येते त्याला." आई घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

डॉक्टरांनी औषध दिले. शिवाय सांगितले की जेवणात तंतू वाढवा आणि पाणी वाढवा. हे तंतू म्हणजे काय ते मला तेव्हा कळले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारले आणि त्यातून हा लेख झाला.

तंतू म्हणजे धान्य, कडधान्य, भाजी, फळ आणि बिया यांतला असा भाग, की जो आपल्या लहान आतड्यात पचत नाही. पचत नाही तर मग खायचा कशाला, असे कोणी विचारील. पण त्याचा उपयोग न पचण्यातच आहे. तो आतड्यात पाणी धरून ठेवतो. त्यामुळे मळ मऊ राहतो, त्याला आकार येतो आणि आतड्याला तो पुढे ढकलणे सोपे जाते. काही तंतू मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले उपकारक जंतू खातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले आहे की ६ ते ९ वर्षांच्या मुलांना रोज निदान २१ ग्रॅम आणि १० वर्षांपासून पुढे सगळ्यांना निदान २५ ग्रॅम तंतू अन्नातून मिळाले पाहिजेत.

आता आपल्या किनाऱ्यावरच्या जेवणाकडे बघा. मासळी उत्तम अन्न आहे, तिच्यात प्रथिने भरपूर. पण मासळीत तंतू शून्य! बोंबील घ्या, बांगडा घ्या, पापलेट घ्या, सगळ्यांत शून्य. आणि गिरणीत पांढराशुभ्र पॉलिश केलेला तांदूळ शिजवला तर शंभर ग्रॅम भातात अर्धा ग्रॅमसुद्धा तंतू नसतात. आजी सांगते, तिच्या लहानपणी घरी उखळात भात कांडायचे, त्यामुळे तांदळावर थोडा कोंडा राहायचा. तो कोंडा आता गिरणीतच राहतो आणि गुरांच्या पोटात जातो. गुरांना बद्धकोष्ठ होत नसणार! म्हणजे माझा भाऊ उपाशी नव्हता, दोन वेळा पोटभर जेवत होता, आणि तरी त्याच्या पोटात तंतू जवळजवळ जात नव्हते.

घरी हे सगळे सांगितल्यावर आजीने फळीवरचा एक डबा काढला. त्यात काळ्या बारीक बिया होत्या. हाच सब्जा. आपल्याकडे फालुद्यात घालतात तो. मुंबईचे काही दुकानदार त्याला तकमरिया म्हणतात. सब्जाचे झाड तुळशीच्या कुळातले आहे, पानाला छान वास येतो. आपल्या गावातले मुसलमान शेजारी रोजा सोडताना सरबतात सब्जा घालतात, तो मी त्यांच्या घरी प्यायलेही आहे. पण रोज सकाळी प्यायचे पेय म्हणून कधी विचार केला नव्हता.

मी लगेच शहाणपणा केला. एका ग्लासात लिंबू पिळले, साखर-मीठ घातले, चमचाभर सब्जा टाकला, ढवळले आणि भावाला म्हटले, "पी." त्याने एक घोट घेतला आणि ठसका लागला. बिया दाताला, टाळ्याला, घशाला चिकटल्या. डोळ्यांतून पाणी आले. आजी धावत आली आणि माझ्यावरच ओरडली, "काय गो हे? भिजवल्याबिगर देतात काय कोनी?"

ही चूक लहान नव्हती, हे नंतर सरांनी सांगितले. सब्जासारखेच फुगणारे चिया नावाचे बी असते, ते मूळचे मेक्सिकोकडचे. आता आपल्याकडेही दुकानात मिळते. २०१४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक हकीकत सांगितली होती. एका माणसाने चमचाभर कोरडे चिया तोंडात टाकले आणि वर पाणी प्यायला. ते बी अन्ननलिकेतच फुगले आणि वाट बंद झाली. डॉक्टरांना आत दुर्बीण घालून ती वाट मोकळी करावी लागली. म्हणून आधी ग्लासात फुगू द्यायचे आणि मग प्यायचे. घशात फुगू द्यायचे नाही.

सब्जा फुगतो कसा? बीच्या सालीत डिंकासारखा एक पदार्थ असतो. पाणी लागले की तो पाणी ओढून घेतो आणि बीभोवती पारदर्शक गोळा तयार होतो. मधे काळा ठिपका, बाहेर पांढुरकी काच, जणू बेडकाची अंडी! (हे वाचून कोणी प्यायचे सोडू नये.) रानात या गोळ्याचा बीलाच उपयोग होतो. बी मातीला चिकटून राहते आणि रुजण्यापुरता ओलावा धरून ठेवते. आपण तोच ओलावा पोटात नेतो.

पण भिजवायचे ते कशात? माझे म्हणणे होते, लिंबाच्या पाण्यातच भिजवू, एक काम कमी. सर म्हणाले, करून बघू. आम्ही वर्गात तीन सारखे ग्लास घेतले. एकात साधे पिण्याचे पाणी, दुसऱ्यात तेवढ्याच पाण्यात अख्खे लिंबू पिळलेले आणि तिसऱ्यात समुद्राचे पाणी, ते माझी मैत्रीण बंदरावरून बाटलीत घेऊन आली होती. तिन्हीत अर्धा-अर्धा चमचा सब्जा टाकला आणि पंधरा मिनिटे थांबलो. साध्या पाण्यातला सब्जा सगळ्यांत टपोरा झाला. लिंबाच्या पाण्यातला फुगला, पण गोळे बारीक. समुद्राच्या पाण्यात तर त्याहून किरकोळ. सर म्हणाले, आंबटपणा आणि मीठ या दोघांमुळे त्या डिंकाला पुरते पाणी ओढता येत नाही. म्हणून आधी साधे पाणी, आणि लिंबू, मीठ, गूळ सगळे मागाहून. आजीला हे आधीच ठाऊक होते. कारण मात्र ठाऊक नव्हते.

आता आम्ही घरी करतो ती रीत सांगते. सब्जा आधी बारीक चाळणीने चाळून, ताटात पसरून निवडून घ्यायचा. त्यात काडीकचरा आणि वाळूचे कण असतात, आणि हा धुता येत नाही, धुवायला गेले की हातालाच चिकटतो. मोठ्या माणसाला एक छोटा चमचा, आमच्या वयाच्या मुलांना अर्धा. तो अर्धा ग्लास पाण्यात टाकून लगेच चमच्याने ढवळायचा, नाहीतर गाठ होते आणि गाठीच्या आतले बी कोरडेच राहते. पाच मिनिटांनी पुन्हा एकदा ढवळायचे. पाणी कोमट असेल तर लवकर फुगतो. पंधरा मिनिटांत तयार. एक बी बोटांत धरून बघायचे, सगळीकडून बुळबुळीत लागले पाहिजे. रात्री भिजत घालायची गरज नाही. उन्हाळ्यात फ्रीज नसेल तर घालूच नये, पाणी आंबते.

मग ग्लास पाण्याने भरायचा, अर्धे लिंबू पिळायचे, थोडा किसलेला गूळ आणि चिमटीभर मीठ घालायचे. लिंबाच्या बिया काढाव्यात, नाहीतर कडवट लागते. भांडे काचेचे किंवा स्टीलचे घ्यावे. कल्हई उडालेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात लिंबाचे सरबत करू नये, आंबट रसाने भांड्याचा धातू पेयात उतरतो. घरात शहाळे उतरवले असेल तर शेवटी पाण्याऐवजी शहाळ्याचे पाणी घालून बघा. आमच्याकडे ते वाडीतले मिळते म्हणून सांगते, विकत आणून करण्यासारखे नाही.

लिंबाविषयी एक गोष्ट मला नवीन कळली. गाळलेल्या लिंबाच्या रसात तंतू जवळजवळ नसतातच. ते असतात गरात, फोडीच्या पापुद्र्यात आणि सालीखालच्या पांढऱ्या भागात. म्हणून संत्रे किंवा पपनस खाताना चोखून चोथा टाकू नये. सब्जाच्या पेयात तंतू देतो तो सब्जा. लिंबू देते चव आणि क जीवनसत्त्व. हे काही कमी नाही. पूर्वी लांबच्या सफरीवर गेलेल्या खलाशांच्या हिरड्या सुजून रक्त यायचे आणि पुष्कळ जण मरायचे. १७४७ साली जेम्स लिंड या इंग्रज आरमाराच्या वैद्याने सॅलिसबरी जहाजावर १२ आजारी खलाशी निवडले. दोघादोघांना वेगवेगळे पदार्थ देऊन पाहिले. ज्या दोघांना रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळाले ते सहा दिवसांतच बरे व्हायला लागले. क जीवनसत्त्वामुळे भाजी-कडधान्यातले लोहही अंगाला जास्त लागते. पण ते उष्णतेने कमी होते, म्हणून लिंबू उकळत्या पाण्यात पिळू नये.

पालकांसाठी थोडे सांगते. हे पेय तान्ह्या आणि अगदी लहान मुलांना देऊ नये, तसेच ज्या आजी-आजोबांना गिळायला त्रास होतो त्यांनाही नको. रोजच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून, गोळी आणि पेय यांत वेळ सोडून घ्यावे. साखरेच्या आजारात गूळही नको आणि साखरही नको. आणि पेय प्यायले म्हणून दिवसभराचे पाणी बंद करू नये. तंतू आत गेले आणि पाणी गेले नाही, तर उलट जास्त घट्ट होते. पोटात सारखे दुखत असेल किंवा रक्त दिसले तर घरगुती उपाय करत बसू नका, आधी दवाखान्यात जा.

आणि एका ग्लासाने सगळे तंतू मिळतात असेही नाही. चियाचे पाहिले तर १०० ग्रॅममध्ये सुमारे ३४ ग्रॅम तंतू, म्हणजे १० ग्रॅम खाल्ले तरी साडेतीन ग्रॅमच्या आतच. छोट्या अर्ध्या चमच्यात तर १० ग्रॅमसुद्धा मावत नाहीत. बाकीचे जेवणातूनच यायला हवेत. आपल्याकडे त्याची काही वाण नाही. वालाचे बिरडे आहे, चवळी आहे, नाचणीची भाकरी आहे, परसातला पेरू आहे. १०० ग्रॅम पेरूत पाच ग्रॅमच्या आसपास तंतू असतात. थंडीत पोपटी लावतो तेव्हा वालाच्या शेंगा आपण किती खातो! अळीवसुद्धा सब्जासारखाच फुगतो. बाळंतिणीला नारळ-गूळ घालून अळिवाचे लाडू देतात, त्यात नुसती ताकदच बघतात, पण त्यातही तंतू असतातच.

माझा भाऊ सब्जामुळे बरा झाला, असे मी लिहिणार नाही. कारण आम्ही एकदम चार गोष्टी बदलल्या. औषध घेतले, खिचडीतले वाटाणे खायला लावले, पाण्याची बाटली दिली आणि सकाळी चहाऐवजी हे पेय. शिवाय आई आता त्याला अर्धा तास आधी उठवते, म्हणजे घाईघाईत शौचाला न जाता तो शाळेत येत नाही. चारांतले नेमके कोणते लागू पडले ते सांगता येत नाही. दिवाळीनंतर परिपाठाला तो एकदाही खाली बसला नाही, एवढे मात्र त्याच्या बाईसुद्धा सांगतील. खारी त्याने सोडलेली नाही. ती तो आता सब्जाच्या पेयात बुडवून खातो, ते बघवत नाही.

पालकसभेच्या दिवशी या भित्तिपत्रकाखाली टेबलावर आम्ही तेच तीन ग्लास ठेवणार आहोत. चमच्याने ढवळून बघा, फरक डोळ्यांना दिसेल. चव मात्र फक्त पहिल्या दोन ग्लासांची घ्या. तिसऱ्यात बंदरावरचे पाणी आहे.

– इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी